बिननावाचा जुना जपानी ड्रमसेट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात एकाकडे १९६५ ते ७० च्या सुमाराचा जपानी ड्रमसेट विकायला आहे, बॅजवर कुणीच न ऐकलेलं नाव आहे आणि तुमचे ड्रमर मित्र म्हणतात, 'लुडविगची (त्या नावाजलेल्या अमेरिकन ड्रम कंपनीची) नक्कल, प्लायवूडचा खोका, हात लावू नकोस.' घ्यावा का, आणि किती द्यावेत?

घ्या. पैशांचं शेवटी सांगते. आधी त्या 'खोका' शब्दाबद्दल बोलू दे, कारण तो मी आमच्या घरात बावीस वर्षं ऐकलाय.

आम्ही मिरजेचे. बाबा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. ऑर्केस्ट्रा थोरल्या काकांचा, ॲकॉर्डियनवर ते स्वतः. गणपतीत सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, एकेका रात्री दोन-दोन मंडळं. १९७१ साली बाबांनी मुंबईत धोबी तलावच्या एका कुडात (गोवेकरांच्या उतरण्याच्या जागेत) उतरलेल्या गोव्याच्या तारवट्याकडून, म्हणजे खलाशाकडून, लाल चमकीचा चार ड्रमचा सेट घेतला. त्याने तो योकोहामाहून बोटीवर आणला होता. बॅजवर नाव होतं 'लायरा'. काकांच्या डोळ्यांसमोर लुडविग. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले, रिंगोच्या पुढच्या ड्रमवर ते नाव जगाने वाचलं, आणि तेव्हापासून लुडविग म्हणजेच ड्रम असं ठरून गेलं. बाबांचा सेट काकांच्या लेखी पहिल्या दिवसापासून खोका.

तो खोका तेवीस वर्षं वाजला. १९९४ मध्ये स्नेअरचं आणि छोट्या टॉमचं पान फाटलं (बाबा हेडला पानच म्हणायचे, ढोलासारखं). मी तेव्हा बारा वर्षांची. बाबांबरोबर दोन्ही ड्रम घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. तिथल्या एका दुकानात चौदा इंची नवं हेड काढलं, शेलवर (ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर) ठेवलं, ते बसेना. दुकानदाराने वरून तळव्याने ठोकलं. हेड एका बाजूने खाली गेलं आणि दुसऱ्या बाजूने वर आलं. मग कानशीने लाकडाची कड घासायला लागला. बाबांनी ड्रम ओढून घेतला. तो म्हणाला, 'खोट्या मापाचा नकली माल आहे, भंगारात घाला.' घरी आल्यावर काकांनी तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बाबांनी सेट माळ्यावर टाकला आणि पुन्हा वाजवायला बसले नाहीत.

२०१६ मध्ये मी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा तो खाली काढला. कागदाची पट्टी स्नेअरच्या कडेला गुंडाळली, खूण केली आणि स्टीलच्या टेपवर मोजली. चौदा इंचाचा घेर होतो १११७ मिलिमीटर. हेड त्यावरून सहज उतरावं म्हणून हल्लीचा शेल मुद्दाम थोडा लहान करतात, साधारण १११० च्या आत. आमचा भरला १११९. लाकूड बरोबर होतं, जादाचा भाग होता तो वरून चिकटवलेल्या लाल चमकीचा. मग फाटक्या जुन्या हेडची कडी मोजली, तर ती नव्या हेडच्या कडीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी. म्हणजे ज्यांनी ड्रम बनवला त्यांचं हेड त्यावर नीट बसत होतं. माप खोटं नव्हतंच, ते त्यांचं त्यांचं होतं.

तो ड्रम मी सतारमेकर गल्लीत नेला. मिरजेत सतारीवरच्या नक्षीसाठी सेल्युलॉइड कापणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. कारागिराने चमकीची कड नखाएवढी खरवडली, नाकाशी नेली आणि म्हणाला, 'कापूर. सेल्युलॉइडच आहे.' त्याने कडेपासून बारा मिलिमीटरवर गोल रेघ मारली, धारदार पातीने तेवढी पट्टी उतरवली, खालचा गोंद हलक्या हाताने घासला. चमकीची जाडी अर्धा मिलिमीटर, दोन्ही बाजू धरून व्यासात एक. घेर झाला १११६. नवं हेड हाताने दाबलं आणि बसलं. उघडी पडलेली पट्टी हूपखाली (हेड दाबून धरणाऱ्या कड्याखाली) झाकली जाते, बाहेरून काही दिसत नाही. एका दुपारचं काम होतं आणि त्यावाचून बाबांची बावीस वर्षं गेली.

आता नक्कल की नाही ते. पर्ल कंपनीने १९६१ मध्ये चिबाला कारखाना काढला आणि तिथून तिसाहून जास्त विक्रेत्यांच्या नावांनी सेट बाहेर पाठवले. मॅक्सविन, स्टुअर्ट, मॅजेस्टिक, अपोलो, कोरोनेट, आणि आमचं लायरासुद्धा. आज जी कंपनी तामा नावाने ड्रम बनवते ती होशिनो त्या काळात 'स्टार' नावाने बनवत होती. म्हणून बॅजवरच्या नावावरून ड्रम ओळखू नका, लग बघा (शेलवर बसवलेले धातूचे तुकडे, ज्यांत हेड ताणणारे रॉड आवळतात). मी आता तोक्योत निशी-कासाईला राहते. ओचानोमिझूच्या वाद्यांच्या दुकानांत एकदा पर्लचा बॅज असलेला जुना टॉम दिसला, त्यावर आमच्याच सेटचे लग, अगदी मधल्या खाचेसकट. फोटो काकांना पाठवला. ते म्हणाले, 'लग सारखे असतील, लाकडाचं काय?'

लाकडाचं सांगते. ते लुआन, फिलिपाइन्समधून येणारं, आपल्या सालवृक्षाच्या कुळातलं. हलकं आणि मऊ. आवाज मेपलसारखा लांब घुमत नाही, ठोका पडतो आणि लगेच मिटतो. मायक्रोफोन लावलेल्या मंडपात मला हाच आवाज हवा असतो. आणि लुआन म्हणजे हलक्या प्रतीचं, असं म्हणणाऱ्याला तामाचा इम्पीरियलस्टार दाखवा: फिलिपिनी महोगनीचे नऊ थर, म्हणजे तीच जात. 'द पोलिस' या रॉक बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलँड तो वाजवायचा. तेव्हा कुणी खोका म्हटलं नाही. फरक लाकडाचा कमी आणि थरांच्या जाडीचा, जोडकामाचा जास्त. स्वस्त सेटचे थर पातळ, म्हणून आतून कडेला लाकडी रिंग घालून शेल गोल ठेवलेला असतो. ती रिंग सुटली असेल तर खरी काळजी करा.

काकांनी मात्र अजून मान्य केलेलं नाही. गेल्या गणपतीत त्यांच्यासमोर तासभर वाजवला. उठताना म्हणाले, 'स्नेअर बरा आहे.'

तुमच्या सेटला लग कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून ठाम सांगता येत नाही, पण बघायला जाल तेव्हा प्रत्येक ड्रमचा घेर मोजा. बाराचा ९५७, तेराचा १०३७, सोळाचा १२७६. याहून भरला तर किती भरला ते बघा. दोन-तीन मिलिमीटर चमकी काढून सुटतात. त्याहून जास्त असेल तर ॲक्वेरियनची अमेरिकन व्हिंटेज नावाची हेड मिळतात, जुन्या रुंद शेलसाठीच ती थोडी मोठी केलेली असतात. व्यास चार ठिकाणी मोजा. एका दिशेला लांब आणि दुसऱ्या दिशेला आखूड निघाला तर शेल अंडाकृती झालाय, तो सोडून द्या.

चमकी काढायला हीट गन अजिबात नको. सेल्युलॉइड भसकन पेटतं. लाकडाच्या कडेला कानस किंवा राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावू देऊ नका, ते काम परत फिरवता येत नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. लग ओतीव जस्ताचे असतात, जोरात आवळले की चिरतात, आणि त्या जातीचे सुटे मिळवायला फार हिंडावं लागतं. रॉडचे आटेही हल्लीच्या रॉडशी जुळतीलच असं नाही, त्यामुळे एकही जुना रॉड फेकू नका. आणि तुम्ही हेवी मेटल संगीत वाजवत असाल तर हा सेट तुमच्यासाठी नाही. टॉमचा दांडा घसरतो, बेस ड्रमचे पाय सरकतात. बाबा सुतळीने खुर्चीला बांधायचे.

पैसे: सगळी हेड बदलावी लागतील असं धरून तो खर्च आधी वजा करा आणि नवशिक्यांच्या नव्या सेटपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. विकणारा 'व्हिंटेज' म्हणून भाव चढवत असेल तर आधी घेर मोजू द्या म्हणा. आकडे आणि लगचा फोटो इथे टाकलात तर मी आमच्या सेटशी ताडून बघेन.