'फेअर' म्हणजे चांगलं की जेमतेम?

प्रश्न असा आला आहे : पुलांच्या तपासणीच्या एका इंग्रजी अहवालाचं मराठी करायचं आहे. त्यात पुलाच्या प्रत्येक भागापुढे 'गुड', 'फेअर' किंवा 'पुअर' असा शेरा आहे. 'चांगली' आणि 'खराब' हे शब्द ठरले. 'फेअर'ला मात्र कोशात सुंदर, गोरा, न्याय्य, स्वच्छ असं बरंच काही सापडतं. तूर्त 'योग्य' लिहिलं आहे, ते चालेल का?

नाही चालणार. 'कठड्याची स्थिती योग्य' असं वाचलं की कठडा हवा तसा आहे, असाच कुणाचाही समज होईल. तपासणाऱ्याला ते म्हणायचंच नाही. असा श्रेणी म्हणून आलेला 'फेअर' 'गुड'च्या खालचा असतो. अमेरिकेत पुलांच्या भागांना ० ते ९ अशी श्रेणी देतात. ७ पासून पुढे गुड, ५ आणि ६ म्हणजे फेअर, ४ आणि त्याखाली पुअर. यातल्या ५ चा अर्थ असा : मुख्य भाग मजबूत आहेत, पण थोडी झीज, तडे, काँक्रीटचे टवके उडणं असं काही दिसू शकतं. जुन्या पुस्तकांच्या इंग्रजी याद्यांतही हेच. 'फेअर' प्रत म्हणजे मजकुराची पानं सगळी आहेत, पण पुस्तक चांगलंच वापरलेलं, पुढची-मागची कोरी पानं कदाचित गेलेली.

याला मराठीत नेमका शब्द आहे : बरी. 'पुलाची स्थिती बरी.' कुणाला तो फार बोलीतला वाटेल. तसं असेल तर 'साधारण' लिहा. 'समाधानकारक' मात्र टाळा, कारण मग डागडुजीचा विषयच मागे पडतो.

'बरी' सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते फार आवडतं. जुन्या इंग्रजीत 'फेअर'चा अर्थ सुंदर, देखणा असा होता. सुंदर म्हणजे निर्मळ, निर्मळ म्हणजे डाग नसलेला, मग ज्यात खोट काढता येत नाही असा, असं करत करत तो बऱ्याच उशिरा 'ठीक आहे' इथवर उतरला. आपला 'बरा' याच उतारावरून आला आहे. मूळ संस्कृत 'वर', म्हणजे श्रेष्ठ. अभंगांतला विठ्ठल 'बरवा' आहे, म्हणजे सुंदर. कोकणीत 'बरें' आजही चांगलंच. गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. मराठीत मात्र 'जेवण कसं होतं?' याला 'बरं होतं' असं उत्तर आलं की स्वयंपाक करणारीचा चेहरा उतरतो. पुढचं साम्य तर पाहा. इंग्रजीत 'फेअर अमाउंट' म्हणजे बऱ्यापैकी रक्कम, आणि 'बऱ्यापैकी', 'बराच' हे शब्दही 'बरा'तूनच निघाले. दोन दूरच्या भाषांत एकाच अर्थाचा शब्द इतका सारखा प्रवास करतो, हे पाहून मन हरखतं.

न्यायाच्या अर्थी 'फेअर' आला की 'रास्त' हा उत्तम शब्द. तो फारसीतून आला. मूळ अर्थ सरळ, खरा. रेशनचं दुकान सरकारी भाषेत 'रास्त भाव दुकान' आहे. २००९ पासून उसाला लागू झालेल्या एफआरपीचं, म्हणजे 'फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस'चं, मराठी 'रास्त व किफायतशीर दर' असं होतं आणि ऊसपट्ट्यात तो शब्द नीट रुळला आहे. इथेही 'योग्य' लिहिलं असतं तर कुणासाठी योग्य, हा प्रश्न उरला असता. 'रास्त'मध्ये देणारा आणि घेणारा दोघांचाही विचार येतो.

गोऱ्या रंगाचा अर्थ आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींनी आणि क्रीमच्या ट्यूबांनी घरोघर पोचवला. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, ते चांगलंच झालं. केसांना मात्र हे विशेषण लागलं की गोरे नव्हे, फिकट सोनेरी केस समजावेत. जत्रा या अर्थाचा 'फेअर' वेगळाच, लॅटिनमधून आलेला. त्याचा या विशेषणाशी संबंध नाही.

तुमच्या अहवालात हाच शब्द आणखी दोन ठिकाणी भेटण्याची शक्यता आहे आणि तिथे 'बरी' लिहून चालणार नाही. 'फेअर-वेदर रोड' म्हणजे पावसाळा सोडून वापरता येणारा रस्ता, आपल्या 'बारमाही रस्त्या'च्या उलट. आणि 'फेअर-फेस्ड काँक्रीट' असेल तर तिथे तो जुना, निर्मळ अर्थ घ्यायचा : गिलावा न करता तसंच उघडं ठेवण्याइतकं स्वच्छ उतरलेलं काँक्रीट.