खेळांचा समालोचक पोकरकडे वळला तर टिकतो का?

टिकतो, पण कामाची पद्धत पार बदलते. लॉन मॅकेचर्न बघा. ते मूळचे खेळांचे प्रसारक. २००३ पासून ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीवर वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेच्या समालोचनात त्यांच्या जोडीला नॉर्मन चॅड आले. तेही मूळचे क्रीडा-स्तंभलेखक. त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने या स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले आणि पोकरचं पेवच फुटलं.

क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कसा पडेल हे समालोचकालाही ठाऊक नसतं. इथे टेबलातल्या कॅमेऱ्यामुळे झाकलेले पत्ते प्रेक्षकाला दिसतात, फक्त समोरच्या खेळाडूला दिसत नाहीत. २००३च्या शेवटच्या लढतीतला एक डाव बघा. मनीमेकरकडे राजा-सत्ती, जोडी काहीच नाही. समोरच्या सॅमी फारहाकडे नव्व्यांची जोडी. तरी मनीमेकरने सगळ्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) पुढे सरकवून हूल दिली आणि फारहाने डाव सोडला. असे भाग तेव्हा संकलित करून दाखवत, म्हणजे आवाज नंतर चढवला जाई. निकाल माहीत असताना उत्कंठा आवाजात आणायची, हे मला थेट प्रक्षेपणापेक्षा अवघड वाटतं.

सूत्रसंचालन करायचं असेल तर स्वतः खेळता आलेलं बरं. कॅनडाच्या कारा स्कॉट सूत्रसंचालक असूनही २००९च्या आयरिश ओपन या पोकर स्पर्धेत दुसऱ्या आल्या होत्या.