समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचे अ‍ॅनोड संपले, आता काय?

मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर आधी लिहिलं होतं, त्यावरून पाण्याखालच्या गंजाबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो. जॅकेट म्हणजे प्लॅटफॉर्मचा पाण्यातला पोलादी सांगाडा, आणि अ‍ॅनोड म्हणजे त्याला गंजापासून वाचवायला जोडलेले अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ठोकळे.

जॅकेट समुद्रात सोडतानाच अ‍ॅनोड वेल्ड केलेले असतात ना, मग परत कशाला लावायचे?

कारण ते झिजायलाच लावलेले असतात. अ‍ॅल्युमिनियम स्वतः विरघळतं आणि पोलादाला करंट देतं, म्हणून पोलाद वाचतं. 1 अँपिअर करंट वर्षभर द्यायला साधारण 4.5 किलो अ‍ॅल्युमिनियम जातं, जस्त असेल तर 11 किलोच्या वर. हिशेब बहुतेक 20-25 वर्षांचा धरतात, आणि मुंबई हायचं तेल तर 1976 पासून निघतंय. संपत आलेला अ‍ॅनोड आरओव्हीच्या (वरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राच्या) कॅमेऱ्यात दाणे खाल्लेल्या कणसासारखा दिसतो, आतला पाइप तेवढा उरलेला.

आमचं एक रीडिंग मायनस 0.78 व्होल्ट आलंय, घाबरायचं का?

हे रीडिंग म्हणजे पाण्यात ठेवलेल्या सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत पोलादाचं व्होल्टेज, ते मायनस 0.80 किंवा त्याहून जास्त निगेटिव्ह हवं, म्हणजे तुम्ही काठावर आहात. पण एका रीडिंगवर ऑर्डर काढू नका, आधी प्रोबचं (मोजायच्या दांडीचं) टोक शिंपल्यांवर टेकलं होतं की साफ केलेल्या धातूवर ते बघा, मग सगळ्या पायांवर वरपासून खालपर्यंत मोजा. सगळीकडेच आकडा शून्याकडे सरकत असेल तर मात्र थांबू नका, कारण पोलादावर जो चुन्यासारखा पांढरा थर बसलाय तो टिकून आहे तोवर कमी करंटमध्ये भागतं, एकदा तो गेला की नव्याने बसवायला कितीतरी जास्त करंट ओतावा लागतो.

डायव्हर पाठवून नवे अ‍ॅनोड वेल्डच का करत नाहीत?

करता येतं, पण मी शक्यतो नको म्हणतो. पाण्यात वेल्ड झटकन थंड होतो, पोलाद कडक होऊन तडकायची भीती, शिवाय 50 मीटरच्या खाली सॅच्युरेशन डायव्हिंग (डायव्हरला कित्येक दिवस दाबाच्या खोलीतच ठेवून करायचं काम) लागतं, खर्च बघा, आणि पावसाळ्यात तर समुद्र कामच करू देत नाही. त्यापेक्षा अ‍ॅनोडचा मोठा सांगाडा तळाशी ठेवून केबलने जॅकेटला जोडतात, अख्खं जॅकेट एकसंध पोलाद असल्यामुळे करंट सगळीकडे पोचतो. सगळी मदार केबल जॅकेटला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर. त्याचा टोकदार बोल्ट गंज-शिंपले फोडून धातूत रुतलाच पाहिजे, नाहीतर टनावारी अ‍ॅल्युमिनियम तळाशी नुसतं पडून राहतं. जोडल्यावर तिथलं रीडिंग घेतल्याशिवाय डायव्हरला वर येऊ देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. आणि लाटा आपटतात त्या पट्ट्याला हे उपयोगी नाही, तिथं सतत पाणी नसतं, तिथं कोटिंग किंवा रॅपच (गुंडाळायचं आवरण) लागतं.

रत्नागिरीहून एक ट्रॉलरमालक विचारतात: आमच्या बोटीला जस्ताच्या प्लेटा आहेत, तेच का हे?

अगदी तेच. बोट किनाऱ्यावर ओढल्यावर प्लेट निम्म्याच्या वर झिजलेली दिसली तर बदला, नवीन बसवताना खालचा भाग घासून चकचकीत करा, आणि रंगारी हुलबरोबर (बोटीच्या अंगाबरोबर) प्लेटही रंगवून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा, रंग लागलेली प्लेट काहीच काम करत नाही.