गाता येत नाही, पण गर्दी कळते

प्रश्न : माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातून दोन-तीन रात्री शहरातल्या छोट्या बँडचे कार्यक्रम ऐकायला जाते. स्वतः गात नाही, वाजवत नाही. घरी आल्यावर वहीत काहीबाही लिहीत बसते. 'याच क्षेत्रात काम करणार' म्हणते. गाणं न येणाऱ्याला तिथे कोण विचारतं? वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

फोटो पाठवलात ते बरं केलंत. (तिला विचारून पाठवलात ना?) पानावर लिहिलंय : 'साडेआठला ४०. पहिला बँड संपल्यावर २२ बाहेर. दुसऱ्याला ६५. मागच्या महिन्यातले चेहरे ९. खांबामागे कोणी थांबत नाही.' ताई, हे काहीबाही नाही. कुठल्या जागी कुठला बँड, कुठल्या वारी लावायचा हे ठरवणाऱ्याला या धंद्यात बुकर म्हणतात, आणि तो पगार घेऊन नेमकं हेच टिपत असतो.

बाहेर पडलेले २२ बहुधा पहिल्या बँडचे मित्र आणि भावंडं. त्यांना चाहते म्हणत नाहीत. खरा आकडा आहे तो ९. पुन्हा आला, आपणहून आला, तिकीट काढून आला, तो चाहता. दहा हजार फॉलोअर मिरवणाऱ्या बँडला आपल्याच शहरात साठ माणसं जमत नाहीत असं होतं, कारण ते फॉलोअर दहा शहरांत विखुरलेले असतात. मोबाइलवरून हे कळत नाही. दारात उभं राहिलं की कळतं.

जागेचंही तसंच. दीडशे माणसं दोनशेच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली की कार्यक्रम रंगतो; तीच सहाशेच्या सभागृहात नेली की बँडचा चेहरा पडतो. शिवाय माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात. रिकाम्या खोलीत साउंडचेकच्या वेळी, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज तपासताना, जो आवाज घुमतो, तोच खोली भरल्यावर कोरडा होतो. बुकरला साउंड इंजिनिअर व्हायची गरज नाही, पण अर्ध्या भरलेल्या खोलीत बँड वाईट का वाटला हे त्याला उमगलं पाहिजे.

लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबचं उदाहरण मी नेहमी देतो. १९५७ मध्ये सुरू झालेलं हे तळघर मुळात जॅझसाठी होतं. पुढे तिथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही कार्यक्रम होऊ लागले आणि आसपासच्या कचेऱ्यांत, दुकानांत काम करणारी तरुण पोरं आत शिरली. पुढे जगभर गाजलेला बीटल्स हा बँड तिथलाच; ते तिथे १९६१ ते १९६३ या काळात पावणेतीनशेहून अधिक वेळा वाजवून गेले. त्यांची थोरवी बाजूला ठेवा. ती पोरं दुपारी मोकळी असतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. तुमच्या मुलीची वही त्याच जातीची आहे.

आता पैशांचं. छोट्या जागेचं पोट बऱ्याचदा तिकिटापेक्षा खाण्यापिण्याच्या काउंटरवर भरतं. म्हणून मालक 'किती आले' इतकंच 'किती वेळ थांबले' हेही विचारतो. बँडशी व्यवहार कधी ठरावीक मानधनाचा, कधी खर्च वजा जाता तिकिटांच्या रकमेतल्या वाट्याचा, कधी 'दोन्हींत जे जास्त ते'. रात्री कार्यक्रम संपल्यावर हा हिशेब टेबलावर मिटवतात आणि तिथे भांडणं होतात. वाणिज्याचा अभ्यास कामी येतो तो इथे. त्यामुळे पदवी अर्धवट सोडायची नाही, हे माझ्या नावाने तिला सांगा.

सुट्टीत तिने एखाद्या जागी दारावर तिकिटं तपासायचं काम धरावं. मान नाही, पैसेही फारसे नाहीत, पण कोण एकटं येतं, कोण टोळीने, कोण दारातूनच परत फिरतं हे तिथूनच दिसतं. एखाद्या आडवारी, मालक जागा रिकामी ठेवतो त्या दिवशी, दोन बँड एकत्र लावून बघावे. मात्र दोघांचे चाहते वेगळे हवेत आणि एकमेकांचं ऐकून घेणारे हवेत. हे जुळवणं सगळ्यात अवघड. मला विचाराल तर मजाही त्यातच.

उत्पन्न पहिली काही वर्षं अनियमित असेल. बरेच जण दिवसा दुसरी नोकरी करून हे करतात. तशी तयारी ठेवा.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास सोसता येतो असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ती आठवड्यातून तीन रात्री स्पीकरजवळ उभी असते. कानात घालायचे प्लग उद्याच आणा.

रात्री परतायचं कसं, हे तुम्ही दोघींनी बसून ठरवा. हिशेब मिटेपर्यंत बारा वाजतात.