आधी उंची मोज, मग लाईन लाव

अगं, तुझा मेसेज वाचला. जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीची, तुझी पहिलीच बॅच आणि तू मुलांची लाईन वेगळी मुलींची वेगळी केलीस, का तर मुलांना जोर जास्त. ७-८ वर्षांच्या पोरांत असं काही नसतं गं, धावणं, उडी, हातातला जोर जवळपास सारखंच, फरक पडतो तो कोण किती दिवस शिकतंय आणि कोण स्प्रिंगबोर्डला, त्या उसळी देणाऱ्या फळीला, घाबरत नाही याचा. लाईन एकच ठेव.

खरा गोंधळ १०-११ च्या पुढे. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते. माझ्याकडे एक मुलगी होती, हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवरून उलटून पायावर उतरणं, इतका स्वच्छ की बाकीची पोरं थांबून बघायची, आणि सहा महिन्यांत सगळं बिघडलं, बोर्डाजवळ येऊन पावलं अडखळायची, टेबलावर हात टेकले की कोपर वाकायचं. मी तिला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो. अजून सलतं ते. तिचे पाय लांब झाले होते, ढांग वाढली होती आणि मी रन-अपची, म्हणजे धाव कुठून सुरू करायची त्या खुणेची, चिकटपट्टी जुन्याच जागी ठेवली होती!

मुलांचं हेच १३-१४ ला होतं, मग खांदे भरतात आणि तिथून ते जोरात पुढे जातात. म्हणूनच सिनियरला त्यांचं टेबल १३५ सेंटिमीटर, मुलींचं १२५, रन-अप मात्र दोघांनाही जास्तीत जास्त २५ मीटरच. आणि कुणी पालक म्हणाले ना, मुलीला कुठे झेपणार व्हॉल्ट, तर आपल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं सांग, २०१६ रिओ ऑलिंपिक, प्रोदुनोव्हा, म्हणजे हँडस्प्रिंगनंतर हवेत दोन कोलांट्या, ही अवघड व्हॉल्ट मारून चौथी आली, ब्राँझ फक्त ०.१५० गुणांनी हुकलं.

मनगट नाहीतर टाच दुखते म्हणालं पोर, तर "होईल सवय" म्हणू नकोस, या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, उड्या थांबव आणि डॉक्टरला दाखवायला सांग.

उद्या टेप घेऊन जा, भिंतीवर सगळ्यांची उंची तारखेसकट लिही, दर महिन्याला. ज्याची पटकन वाढली त्याची चिकटपट्टी मागे सरकव, थोडे दिवस टेबलही खाली घे. आणि ती १२ वर्षांची, जिचं हल्ली लक्षच नसतं असं तू लिहिलंयस, तिचं माप सगळ्यात आधी घे.