प्रिन्स रुपर्ट: बाबांसाठी सॅमन, आईसाठी अस्वलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा जुलैत रत्नागिरीहून कॅल्गरीला येतायत. बाबांचं आयुष्य भाट्याच्या खाडीत गळ टाकण्यात गेलं, त्यांना सॅमन धरायचाय. आईचा चातुर्मास आहे. हातात पाच दिवस. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रिन्स रुपर्टला जावं, की व्हँकुव्हरजवळच कुठे बोट घ्यावी?

प्रिन्स रुपर्टलाच जा. व्हँकुव्हरकडेही सॅमन मिळतो, पण रुपर्टच्या दक्षिणेला स्कीना नदी समुद्राला मिळते आणि फ्रेझरनंतर ब्रिटिश कोलंबियातली सॅमनची सर्वांत मोठी नदी हीच. समुद्रात वाढलेला मासा जन्माच्या ओढ्याकडे परत निघतो, गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो आणि पुढची सगळी वाट अंगातल्या चरबीवर चढतो. त्यामुळे नदीच्या तोंडाशी तो सर्वांत पुष्ट असतो. मासा मुखाशी का जमतो, हे बाबांना वेगळं सांगायला नको.

तारखा अजून हातात असतील तर जुलैचा पहिला पंधरवडा धरा. चिनूक, म्हणजे सगळ्यांत मोठा सॅमन, तेव्हा भरात असतो. कोहो ही सॅमनचीच दुसरी जात, तो जुलैच्या मध्यापासून वाढत जातो आणि सप्टेंबरपर्यंत मिळतो. स्कीनाचं खरं धन म्हणजे तिसरी जात, सॉकाय, पण तो मुख्यतः समुद्रातले बारीक जीव खाऊन जगतो, गळाला त्या मानाने कमी लागतो. सॉकायसाठी हट्ट धरू नका.

परवान्याचं आधी बघा. समुद्रातला परवाना केंद्राच्या मत्स्य खात्याचा, ऑनलाइन मिळतो. नदीतला प्रांताचा, तो वेगळा. आई-बाबा पाहुणे म्हणून येतायत, तेव्हा बाबांना अनिवासी दराने घ्यावा लागेल. एक, तीन किंवा पाच दिवसांचा मिळतो. सॅमन घरी न्यायचा असेल तर त्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्प हवा, तो विसरू नका. ठेवलेल्या चिनूकची नोंद जागच्या जागी परवान्यावर करायची असते. स्कीनाचा चिनूक गेल्या काही वर्षांत घटलाय, म्हणून कुठे धरायचा आणि किती ठेवायचे याचे नियम हंगामाच्या मध्येही बदलतात. निघायच्या आदल्या आठवड्यात खात्याच्या सूचना स्वतः वाचा. बोटवाला सांगेलच, पण दंड गळ धरणाऱ्याला होतो.

आता बाबांसाठी खास. सॅमनच्या गळाला उलटा काटा चालत नाही. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, क्षणभर सैल पडला की मासा सुटला. आमिष खोल न्यायला तारेला जड वजन बांधून सोडतात आणि तंगूस त्या तारेला चिमट्याने अडकवतात, त्यामुळे काठी आधीपासूनच वाकलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी एकदम सरळ होते. तीच खूण. आपल्याकडे काठी वाकण्याची वाट बघतात, इथे उलट. दुसरं, या किनाऱ्यावर बऱ्याच बोटींवर साधी चक्री असते. मासा पळाला की तिची मूठ उलटी गरगर फिरते. तेव्हा मुठीवरचा हात काढायचा आणि तळव्याने चक्रीची कड हलकेच दाबून वेग आवरायचा. बोटं मुठीत राहिली तर सांधे फुटतात. निघण्यापूर्वी धक्क्यावरच कप्तानाकडून हे एकदा करवून घ्या.

बोटीचा दिवस पाचांपैकी दुसरा ठेवा. वारा उठला आणि बोट निघाली नाही तर तिसरा-चौथा हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी बोट ठरवून रिकाम्या हाताने परतलेली माणसं मी बघितली आहेत, त्यात दोष कोणाचाच नसतो. मासा साफ करून, हवा काढलेल्या पाकिटात गोठवून गावातच मिळतो. पाकिटावरून जात आणि नग ओळखू यायला हवेत, हा नियम आहे. सगळे तुकडे एका पिशवीत कोंबू नका.

जायचं कसं? रुपर्टचा विमानतळ समोरच्या डिग्बी बेटावर आहे, गावातून बस आणि फेरी करून जावं लागतं. मी तुम्हाला जवळच्या टेरेस नावाच्या गावी विमानाने उतरून भाड्याची गाडी घ्यायला सांगेन. तिथून रुपर्ट सुमारे १४५ किलोमीटर, आणि हायवे १६ बहुतेक वाट स्कीनाच्या काठाकाठाने जातो. एका हाताला रुंद, गढूळ-हिरवी नदी, दुसऱ्या हाताला डोंगरावरून सुटलेले धबधबे. ज्या पाण्यातून मासा वर चढतो ते आधी बघितलं की बोटीवरच्या दिवसाला वेगळाच अर्थ येतो. जॅस्परहून रेल्वेही येते, सुंदर आहे, पण रात्री प्रिन्स जॉर्जला थांबून दोन दिवस घेते. तुमच्या पाच दिवसांत बसणार नाही.

बोटीच्या आधी, शक्यतो पहिल्याच दिवशी, रुपर्टजवळच्या पोर्ट एडवर्डची नॉर्थ पॅसिफिक कॅनरी बघा. वेळ कमी असला तर गावातलं बाकी काही गाळा, हे गाळू नका. १८८९ मधला, पाण्यावर लाकडी खांबांवर उभा असलेला हा मासे डबाबंद करायचा कारखाना. स्कीनाच्या मुखाशी असे कितीतरी होते. मासे धुणं आणि डबे भरणं मुख्यतः इथल्या मूळ रहिवासी बायका करत, मासा कापायचं काम चिनी कामगारांकडे, आणि जपानी लोक मासेमारी करत, बोटी बांधत. राहायच्या वस्त्या वंशावरून वेगळ्या. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, डिसेंबर १९४१ पासून, सरकारने या किनाऱ्यावरच्या जपानी-कॅनेडियन कोळ्यांच्या सुमारे १,२०० बोटी ताब्यात घेतल्या आणि पुढच्या वर्षी माणसांनाही किनाऱ्यापासून दूर हलवलं. कोळ्याची बोट काढून घेणं म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या माणसाला लगेच पोचेल. मला ती जागा दर वेळी अस्वस्थ करते, आणि तरीही मी पाहुण्यांना तिथे नेतेच. कॅनरी हंगामीच उघडी असते, वेळा बघून जा.

आईंना मासेमारीच्या लहान बोटीवर नेऊ नका. आठ तास हेलकावे आणि माशांचा वास, उपासाच्या दिवसांत तर नकोच. त्यांच्यासाठी खुट्झमटीन. रुपर्टच्या ईशान्येला, १९९४ मध्ये राखीव झालेलं ग्रिझली अस्वलांचं अभयारण्य. मोठ्या, बंदिस्त बोटीतून दिवसभराची सहल असते, जमिनीवर उतरवत नाहीत. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अस्वलं खाडीकाठचं गवत चरायला खाली येतात; जुलै सरत आला की ती नदीत वर, सॅमनकडे सरकतात आणि सहलीही आटोपतात. पहिला पंधरवडा म्हणाले त्याचं हेही कारण. वाटेत हंपबॅक देवमासेही दिसू शकतात. उलटीची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

जेवणाचं: शाकाहारी माणसाला गावातल्या हॉटेलांत पर्याय कमी. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. डाळ-तांदूळ, साबुदाणा, मसाले कॅल्गरीहूनच न्या, भाज्या टेरेसला. बाबांसाठी सॅमन करताना एक लक्षात असू द्या, रावसासारखा रव्यात घोळवून फार वेळ तळलात तर कोरडा पडतो. जाड तव्यावर कातडीकडून शेका, मध्ये थोडा ओलसर असतानाच उतरवा. मीठ, हळद, लिंबू पुरे.

पाऊस असेलच. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण रत्नागिरीसारखा चार महिन्यांत नाही, बारा महिने झिमझिमतो, आणि त्यातल्या त्यात उन्हाळा कोरडा. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट, रबरी बूट आणि जुलै असला तरी लोकरीचा स्वेटर.

उरलेल्या सकाळी बुट्झे रॅपिड्सची पाऊलवाट करा, साधारण पाच किलोमीटर, शेवाळलेल्या जंगलातून. इथे उधाणाला पाण्याची चढ-उतार सात मीटरच्या आसपास जाते, रत्नागिरीच्या दुपटीहून जास्त, आणि अरुंद खाडीत प्रवाह दिशा बदलतो तेव्हा पाणी उसळतं. भरती उतरायला लागल्यावर बघण्यासारखं असतं, भलत्या वेळी गेलात तर नुसतं संथ पाणी दिसेल. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, त्या दिवसांचं भरतीचं कोष्टक बघून कोणत्या सकाळी जायचं ते सांगते.