बालविभाग संपला, आता कुठलं कपाट?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे कधीच वाचून झाले, ‘शाळा’ही झाली. वाचनालयाच्या बालविभागातलं त्याला आता बाळबोध वाटतं. पुढे काय द्यावं?
(एक पालक, जुळे सोलापूर)

बालविभागात शोधणं थांबवा. कुमारवयीन मुलांसाठी वेगळं कपाट आपल्या वाचनालयांत सहसा नसतं. त्यांच्या जोगती पुस्तकं कादंबरी, कथा आणि अनुवाद या मोठ्यांच्या कपाटांत असतात आणि तिकडे मुलांना कुणी पाठवत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात जा नाहीतर घराजवळच्या लहानशा ग्रंथालयात, ‘नववीच्या मुलासाठी काहीतरी द्या’ असं म्हणू नका. लेखकाचं नाव सांगून मागा.

सुरुवात प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासून करा. मोठी माणसं या पुस्तकाचं भरभरून कौतुक करतात, पण मुलाच्या हातात मात्र ते क्वचितच देतात. यातला लंपन बेळगावकडच्या मुलखातला. त्याच्या मराठीत कानडी हेल आहे, ऊठसूट ‘मॅड’ आहे आणि कुठलीही गोष्ट मोजायची तर आकडा हजारांतच जातो. पुण्याच्या मुलाला ही भाषा जुळवून घ्यायला वेळ लागेल. सोलापुरात कानावर कानडी पडतच असते, त्यामुळे इथल्या मुलाला फारशी अडचण येऊ नये. कथा सुट्या आहेत, पण क्रम पाळलेला बरा : वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकर. ‘बनगरवाडी’ (१९५५) लहानशीच आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेला कोवळा मास्तर, त्याची शाळा, वाडीनं उभारलेली तालीम आणि मग दुष्काळ. सांगोल्याकडचं माळरान पाहिलेल्या मुलाला ती जमीन ओळखीची वाटेल. प्राण्यांची आवड असेल तर वानरांच्या टोळ्यांवरचं ‘सत्तांतर’ द्या. मात्र त्यात पिल्लांची हत्या आहे, हळव्या मुलाला आधी कल्पना द्या.

मारुती चितमपल्ली तर सोलापूरचेच. इथे एक चूक हमखास होते : थेट ‘चकवाचांदण’ हातात दिलं जातं. ते जाडजूड आत्मचरित्र आहे, मुलगा मध्येच सोडून देतो. आधी ‘रानवाटा’ द्या, त्यातले लेख एका बैठकीत संपतात. मग ‘चकवाचांदण’मधली सोलापूरच्या बालपणाची पानं तेवढी वाचू दे.

दहावीच्या सुट्टीसाठी प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ राखून ठेवा. हिमालयात कडा फोडून रस्ता काढणाऱ्या इंजिनियरची ही गोष्ट. वरिष्ठांचा हुकूम पाळायचा की स्वतःला जे दिसतंय ते बोलायचं, हा तिच्यातला पेच त्या वयात चांगलाच भिडतो.

प्रश्न : मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. घरी आम्ही तेलुगू बोलतो. मराठी वाचता येतं, पण जाड पुस्तक पाहिलं की ती नको म्हणते.
(एक आई, अशोक चौक)

मग जाड पुस्तक देऊच नका. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चा कुमार गट आणा. निरनिराळ्या लेखकांचे वेचे आणि सोबत चित्रं आहेत, कुठलंही पान उघडून सुरुवात करता येते. एखादा वेचा आवडला की त्याच लेखकाचं पूर्ण पुस्तक शोधायचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

दोन महिन्यांनी ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ द्या. साहित्य अकादमीचा २०१७ चा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला, तरी घरोघरी ती पोचलेली नाही. पहिली आठ-दहा पानं तुम्ही किंवा शेजारच्या कुणी मोठ्यानं वाचून दाखवा. गावाकडची बोली डोळ्यांना अडते, कानाला तेवढी अडत नाही.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयासाठी अनुवादित पुस्तकं घेताना काय पाहावं?
(एक शिक्षक, बार्शी)

मुखपृष्ठावर जाऊ नका, आतलं शीर्षकाचं पान पाहा. ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असं छापलं असेल तर मूळ पुस्तकातलं बरंच काही गाळलेलं किंवा बदललेलं असू शकतं. अनुवादकाचं नावच नसेल तर ते पुस्तक घेऊ नका. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धन यांचं ‘पाडस’ ही दोन आधी घ्या. ‘पाडस’ सुरुवातीला संथ आहे, अस्वलाच्या शिकारीपर्यंत मुलांना धीर धरायला सांगा. शेवट कठोर आहे, तो आधी फोडू नका. आणि एकाच प्रतीवर भागवू नका : एकानं वाचून दुसऱ्याला सांगितलं की लगेच मागणी येते, तेव्हा प्रत बाहेर असेल तर ती मागणी तिथंच विरते.